चीड, देवदार की कैल? साल बघून हिमालयातली सूचिपर्णी झाडं ओळखायची कशी (नागपूरकर नवशिक्यांसाठी)

मे महिना लागला, पारा ४५ च्या वर गेला की अर्धं नागपूर शिमला-मनाली-नैनितालच्या वाटेला लागलेलं असतं, आणि मग ग्रुपवर जे फोटो येऊन राहतात त्यात मागे दिसणारं प्रत्येक उंच झाड 'पाईन'च असतं, मग तो देवदार असो, रई (स्प्रूस) असो की तोस (फर) असो. यात लोकांची चूक नाही म्हणा. आपल्याकडे ही झाडं नाहीतच. महाराष्ट्रात आज नैसर्गिकरीत्या उगवणारा एकही सूचिपर्णी वृक्ष नाही, अख्ख्या दक्षिण भारतात मूळचा असा एकच आहे, नेगिया वालिचियाना नावाचा, तो निलगिरी-अनामलाईच्या सदाहरित जंगलात, आणि त्याची पानं तर चक्क रुंद असतात म्हणजे बघून कोणाला शंकाही येणार नाही. उटी-कोडाईकनालला जे पाईनचं जंगल म्हणून दाखवतात ते बाहेरून आणून लावलेलं.

मग सालच का? कारण सरळ आहे. पुस्तकं सांगतात सुया मोजा, शंकू बघा. पण झाड शंभर फुटांचं, पहिली फांदी तुमच्या डोक्याच्या कितीतरी वर, सुया मोजणार कशा? खोड मात्र नाकासमोर असतं. सालीवरून अंदाज बांधायचा आणि खाली पडलेल्या सुयांवरून तो पक्का करायचा, एवढीच आपली पद्धत. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: रंगाच्या मागे लागू नका. रंग ऊन, ओल, शेवाळ, फोटोचा फिल्टर सगळ्यांनी बदलतो. साल फुटते कशी, सुटते कशी ते बघा, कारण ते झाडाच्या आतल्या रचनेवर ठरतं आणि ती रचना सहसा दगा देत नाही.

पायरी १: साल म्हणजे नेमकं काय, ते आधी डोक्यात बसवा

हा भाग थोडा शाळेसारखा वाटेल पण टाळू नका, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

खोडात लाकूड आणि साल यांच्या मधे एक अगदी पातळ जिवंत थर असतो, कॅम्बियम. तो आतल्या बाजूला लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिनी, म्हणजे साखर वाहून नेणाऱ्या पेशी. कॅम्बियमच्या बाहेर जे काही आहे ते सगळं मिळून साल. तिचे दोन भाग. आतली अंतर्साल जिवंत, पानांत बनलेली साखर खाली मुळांपर्यंत हिच्यातूनच जाते, म्हणून खोडाभोवती गोल पट्टी सोलून काढली की झाड लगेच नाही पण मुळं उपाशी राहून मरतंच. बाहेरची साल मेलेली, आपण हात लावतो ती हीच.

आता मेलेली साल येते कुठून? कोवळ्या फांदीवर वरच्या कातडीखाली आणखी एक जिवंत थर तयार होतो, तो बाहेरच्या बाजूला बुचाच्या पेशी टाकत राहतो. या पेशींच्या भिंतींत सुबेरीन नावाचा मेणासारखा पदार्थ असतो, त्यातून पाणी जात नाही. पेशी मरतात, आत हवा राहते, झाडाला पाण्यापासून आणि उष्णतेपासून संरक्षण मिळतं. पण खोड जाड होत जातं आणि मेलेलं बूच काही वाढू शकत नाही, मग ताण येतो, ते तडकतं. तोवर झाडाने आत अंतर्सालीतच बुचाचा नवीन थर सुरू केलेला असतो, आणि गंमत अशी की हा नवीन थर झाला की त्याच्या बाहेर राहिलेल्या रसवाहिनीचं पाणी तुटतं, ती वाळते, मरते. त्याच्या आत पुन्हा नवा थर, पुन्हा बाहेरचं मेलं. म्हणजे जाड साल म्हणजे बूच, जुनी रसवाहिनी, बूच, जुनी रसवाहिनी असं एकावर एक.

आता मुख्य मुद्दा. हे आतले नवे थर कोणत्या आकारात तयार होतात यावर साल कशी दिसेल ते ठरतं. चीड, कैल (हे दोघं खरे पाईन) आणि रई यांच्यात ते छोट्या छोट्या वक्र तुकड्यांत होतात, एकमेकांवर चढलेले, कौलारू छतावरची कौलं असतात तसे. त्यामुळे साल खवल्यांत, तुकड्यांत, पापुद्र्यांत सुटते. सायप्रस आणि जुनिपरच्या गटात थर खोडाभोवती बऱ्यापैकी अखंड गोल फिरतात, शिवाय यांच्या रसवाहिनीत लांब चिवट धाग्यांसारख्या पेशींचे पट्टे ठरावीक अंतराने असतात, पाईनच्या घराण्यात असे धागे नसतात. त्यामुळे सायप्रस-जुनिपरची साल लांब लांब उभ्या पट्ट्यांत निघते, खवल्यांत नाही. आणि तोस, म्हणजे आपला फर, तो पहिलाच बुचाचा थर वर्षानुवर्षं चालू ठेवतो, म्हणून त्याची तरुण साल बराच काळ गुळगुळीत राहते आणि त्यावर राळेने भरलेले छोटे फुगे दिसतात.

खवले, पट्ट्या, गुळगुळीत. एवढं समजलं तरी अर्धं काम झालं.

पायरी २: नागपुरातच हात साफ करून घ्या

थेट पहाडात जाऊन शिकायला बसलात तर दोन दिवस नुसते गोंधळात जातील, त्यापेक्षा इथेच थोडी तयारी करा.

सगळ्यात भारी युक्ती म्हणजे नर्सरीतून ऑर्किडसाठी मिळणारी पाईन बार्कची पिशवी घ्या. तीच ती मेलेली बाहेरची साल, तुकडे करून विकतात. कुठल्या देशातल्या पाईनची आहे याने आपल्याला फरक पडत नाही, रचना शिकायची आहे. त्यातला जाडसा तुकडा निवडा, त्याची कड आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा, मग ४०० वर, आणि लेन्सने बघा. तांबूस-तपकिरी जाड पट्टे दिसतील आणि त्यांच्या मधे बारीक फिकट रेषा. रेषा म्हणजे बुचाचे थर, पट्टे म्हणजे मेलेली रसवाहिनी. रेषा सरळ नसतील, वाकलेल्या असतील आणि शेजारच्या रेषेला जाऊन भिडतील. वर सांगितलेले वक्र थर ते हेच. आता नखाने तुकडा सोला, तो बहुतेक या फिकट रेषेवरच सुटेल, कारण पाईनच्या बुचात जाड भिंतींच्या पेशी आणि पातळ भिंतींच्या पेशी थराथराने असतात आणि तुटतं ते पातळ ठिकाणी. एक तुकडा पाण्यात टाकून ठेवा, बराच वेळ तरंगत राहील, आत हवा अडकलेली आहे ना. हे एवढं घरी बसून केलं तरी पहाडातल्या चीडच्या खोडाकडे बघायची नजरच बदलते, मला तर पुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा या पिशवीनेच जास्त कळलं.

दुसरं म्हणजे आपल्याच झाडांवर डोळा बसवा. ऐन बघा, पेंच-ताडोबाच्या सफारीत गाईड लोक ज्याला क्रोकोडाइल बार्क म्हणतात तो, साल चौकोनी तुकड्यांत खोल फुटलेली. मग अर्जुन बघा, गुळगुळीत, मोठे पातळ पापुद्रे निघतात. मग सागवान, उभ्या उथळ भेगा. ही सूचिपर्णी नाहीत हे मान्य, पण भेग उभी आहे की आडवी, खोल आहे की उथळ, तुकडा सुटतो की चिकटून राहतो हे प्रश्न तेच आहेत. सेमिनरी हिल्स नाही तं अंबाझरीच्या बाजूला सकाळी फिरायला जाता ना, तिथेच करा.

आणि बंगल्यांच्या कंपाउंडमधला 'ख्रिसमस ट्री' म्हणजे अरौकेरिया, हा खरा सूचिपर्णी, पण मूळचा प्रशांत महासागरातल्या बेटांकडचा. मोरपंखी पण सूचिपर्णी, तिच्या जुन्या खोडावर सायप्रस गटाची पट्ट्यांची साल छोट्या मापात बघायला मिळते, जरूर बघा. सुरू मात्र नाही! लांबून अगदी पाईन वाटतो, पण ती 'सुई' म्हणजे बारीक हिरवी डहाळी असते, ओढली की सांध्यासांध्यात तुटते. सुरू हे फुलणारं झाड आहे, त्याला यादीतून काढून टाका.

थोडं विषय सोडून पण सांगावंसं वाटतं: नागपूरला सूचिपर्णी झाडं कधीच नव्हती असं नाही. टाकळीच्या दगडांत त्यांच्या शंकूंचे जीवाश्म सापडलेत, दख्खनच्या लाव्हाच्या काळातले म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. बिरबल साहनींनी १९३१ मध्ये त्यातल्या एकाला नावच टाकलिओस्ट्रोबस दिलं. ज्यांच्या नावाचं आपलं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप, त्यांनी आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी १८५० च्या दशकात या भागातले जीवाश्म गोळा केले होते. म्हणजे 'आपल्याकडे कुठे असतात ही झाडं' म्हणणाऱ्याला उत्तर तयार ठेवा.

पायरी ३: सामान

जास्त काही नाही. १० पट मोठं दाखवणारी घडीची लेन्स, कापडी मेजर टेप (टेलरवाला), छोटी वही, पेन्सिल. पेन नको, थंडीत आणि ओलीत पेन बंद पडतो. मापासाठी १० रुपयांचं नाणं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर, फोटोत सालीवर धरलं की नंतर भेगेचा अंदाज लागतो. बस. चाकू, स्क्रू-ड्रायव्हर, किल्ली, काहीही टोकदार खोडाला लावायचं नाही. जिवंत झाडाची साल सोलायची गरजच पडत नाही, खाली बुंध्याशी पापुद्रे पडलेले असतात ते हातात घेऊन बघा आणि तिथेच ठेवून द्या. अभयारण्य किंवा नॅशनल पार्क असेल तर शंकूसुद्धा बॅगेत टाकू नका.

पायरी ४: खोडासमोर उभं राहिल्यावर

आधी लांब उभे राहा, दहा-बारा फुटांवर. इथून साल कशी भागली आहे ते दिसतं, उभ्या रेघा जास्त दिसतात की चौकोन की गोलसर खवले. जवळ गेल्यावर हे दिसत नाही, जवळ गेलं की सगळीच साल नुसती खडबडीत. म्हणून पहिला निर्णय लांबूनच.

मग जवळ जा आणि छातीच्या उंचीवर बघा. जंगल खातं पण झाडाचा घेर याच उंचीला मोजतं, जमिनीपासून १.३७ मीटर. अगदी बुंध्याशी साल नेहमीच जास्त जाड आणि जास्त फुटलेली असते, तिथे बघून निष्कर्ष काढाल तर कैलचा चीड होऊन बसेल. घेर मोजून लिहा, कारण वय आणि साल यांचं नातं आहे, चार फूट घेराचा देवदार आणि बारा फूट घेराचा देवदार शेजारी उभे असले तरी पहिल्यांदा बघणाऱ्याला वेगळी झाडं वाटतात.

मग भेगा. बोट घालून बघा किती खोल जातं. भेगेच्या तळाशी कोणता रंग आहे? रंग बघायचाच असेल तर इथला बघा, बाहेर ऊनपाऊस लागलेला नाही. कड्याला लोंबणारा पापुद्रा असेल तर तो कसा सुटतोय ते बघा: गोलसर चकती, लांबट तुकडा की हातभर पट्टी.

मग मान वर करा. वरच्या खोडावरची, फांद्यांवरची साल तरुण असते आणि बरेचदा तीच भांडण मिटवते. शेवटी खाली वाका, सुया उचला. चीडला तीन-तीनचा जुडगा, कैलला पाच-पाचचा, देवदारला छोट्या ठेंगण्या फांदीवर झुबका, रईच्या सुया सुट्या आणि चार कडांच्या, दोन बोटांत गोल फिरतात, तोसच्या सुट्या पण चपट्या, त्या फिरत नाहीत.

हा क्रम पाळा. लोक उलट करतात, आधी ॲपने फोटो काढतात आणि ॲपने सांगितलं तेच मग खोडात बघायला लागतात. सालीच्या बाबतीत ॲपवर माझा काडीचा भरोसा नाही.

पायरी ५: कालका ते हाटू, चढता चढता

शिकायला हा रस्ता मला सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण उंची वाढते तशी झाडं एकामागून एक येतात. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, सोलन साधारण १५००, शिमला २२००, नारकंडा २७००, आणि हाटूचं शिखर ३४०० च्या जवळ. दिल्लीपर्यंत रात्रीची गाडी, पुढे कालका, मग बस किंवा ती छोटी ट्रेन.

कालका सोडून वर चढायला लागलं की पहिला भेटतो चीड, पायनस रॉक्सबर्घाय. साधारण ५०० ते २००० मीटर, कुठे थोडा वर. जुन्या चीडची साल म्हणजे आपल्या विषयाचा राजा: जाड, तांबूस-तपकिरी, खोल भेगा आणि भेगांच्या मधे मोठे लांबट पाट, आणि प्रत्येक पाट हा असंख्य पातळ खवल्यांचा थर, खवल्यांच्या कडा वाकड्यातिकड्या, एकमेकांत अडकलेल्या. ऑर्किडच्या पिशवीत जे बघितलं तेच इथे उभं आहे. एवढी जाड साल का? तर चीडच्या जंगलात एप्रिल ते जूनमध्ये आग लागतच असते, खाली वाळलेल्या सुयांचा (उत्तराखंडात याला पिरूल म्हणतात) जाड थर असतो, तो भुर्रकन पेटतो. जिवंत पेशी ६० अंशांच्या आसपास मरतात, पण बुचातल्या हवेमुळे उष्णता कॅम्बियमपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तोवर आग पुढे निघून जाते. बुंधा काळा पडलेला आणि झाड वर हिरवंगार, असं दृश्य जागोजागी दिसेल.

चीडच्या खोडावर माणसाने केलेल्या जखमाही दिसतील, साल काढून खाली पन्हाळीसारखा पत्रा आणि भांडं लावलेलं. ती राळ काढायची जागा. हिमाचलात बिरोजा म्हणतात, कुमाऊँ-गढवालकडे लीसा. त्यातून टर्पेंटाईन आणि रोझिन निघतं. लक्षात घ्या, राळेच्या उभ्या नळ्या मुख्यतः लाकडात असतात, सालीत नाही, म्हणून राळ काढायला साल ओलांडून लाकडापर्यंत जखम करावी लागते. अशी जखम असलेली बाजू साल बघायला वापरू नका, झाडाच्या मागे जा.

चीड संपता संपता कैल सुरू होतो, पायनस वालिचियाना, साधारण १८०० च्या वर. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच. कैल तरुण असताना साल राखाडी, गुळगुळीत, काहीशी हिरवट झाक असलेली. चीडच्या तरुण खोडावर एवढी गुळगुळीत साल शोधून सापडायची नाही. वय वाढलं की कैललाही भेगा पडतात पण उथळ, तुकडे छोटे, रंग राखाडीकडे झुकलेला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरच्या फांद्या गुळगुळीतच राहतात. भेगेत बोट घालून बघा, चीडमध्ये आत जातं, कैलमध्ये टेकतं. कैलची साल पातळ असल्यामुळे आगीत तो चीडसारखा तग धरत नाही. दोघं शेजारी असलेल्या पट्ट्यात शंका आली तर सुया: तीन की पाच, विषय संपला.

शिमल्यात देवदार. जाखूच्या चढावर सकाळी सकाळी जा, गर्दी आणि माकडं दोन्ही कमी असतात (माकडांपासून चष्मा सांभाळा, मी सिरीयसली सांगतोय). सिड्रस देवदारा, हिमाचलचं राज्यवृक्ष. साल गडद राखाडी-तपकिरी, उभ्या भेगा ठळक, आणि त्यांना छेदणाऱ्या तिरप्या-आडव्या चिरा, त्यामुळे लांबट तुकडे पडतात. चीडसारखे खवल्यांचे पाट नाहीत, तुकडे घट्ट बसलेले, हाताने घासलं तर चीडसारखा भुगा पडत नाही. लांबून उभ्या रेघा, जवळून आयताकृती तुकडे, असं लक्षात ठेवा. तरुण देवदार बराच गुळगुळीत असतो, तिथे मात्र सालीवर फार विसंबू नका, झुबके बघा.

नारकंड्याला पोचलात की खरी परीक्षा. हाटूच्या रस्त्यावर रई आणि तोस दोघं मिसळलेले, दोघं उंच, दोघं टोकदार, आणि लांबून सगळेच त्यांना एक समजतात. रई म्हणजे पिसिया स्मिथियाना, स्प्रूस. तोस म्हणजे ॲबिस पिंड्रो, फर, उत्तराखंडात त्यालाच रागा म्हणतात. जुन्या झाडांची साल बघा. रईची साल पातळ, छोट्या छोट्या खवल्यांत तुटलेली, चौकोनी किंवा गोलसर, आडव्या चिरा उभ्या भेगांइतक्याच जोरदार. तोसची जुनी साल उभ्या लांब कंगोऱ्यांत फुटलेली, भेग वरपासून खालपर्यंत डोळ्याने धावत जाता येते. तरुण तोस तर एकदम चंदेरी-राखाडी, गुळगुळीत, राळेचे फुगे. म्हणजे लांबून बघताना नजर उभी धावली तर तोस, अडखळली तर रई. खात्रीसाठी खाली पडलेली वाळकी काडी उचला: रईच्या काडीवर सुई गळालेल्या जागी छोटे खुंट राहतात, हाताला खरखरीत लागतात, तोसच्या काडीवर गोल सपाट डाग, हात सरकतो. आणि वर शंकू दिसलेच तर रईचे खाली लोंबलेले, तोसचे फांदीवर ताठ उभे.

कितीही वेळ लागला तरी नारकंड्यात या दोघांचा निकाल लावल्याशिवाय खाली उतरू नका, इथे जमलं की बाकी सगळं सोपं आहे.

या रस्त्यावर नसलेली पण गाठायची असतील अशी

चिलगोजा, पायनस जेरार्डियाना. आपण इतवारीत ज्या चिलगोज्याचा भाव ऐकून परत फिरतो त्याचं झाड, किन्नौरमध्ये. साल पातळ, राखाडी, वेड्यावाकड्या चकत्यांत गळून पडते आणि खाली फिकट-हिरवट डाग उघडे होतात. सुया तीनच्या, म्हणजे सुया मोजून चीड म्हणाल, पण साल बघितली की प्रश्नच नाही. सालीने सुयांवर मात केली असं हे एक झाड.

सायप्रस, म्हणजे सुरई, नैनिताल भागात चुनखडीच्या उतारांवर. साल लांब उभ्या पट्ट्यांत सुटते, धागे दिसतात. लाहौलमध्ये केलाँगकडे गेलात तर जुनिपर, तिथेही तीच पट्ट्यांची साल पण खोड पिळवटलेलं. पट्टी ओढून बघायचा मोह होतो. नका ओढू, कोरड्या थंड भागात ही झाडं फार हळू वाढतात.

थुनेर, आणि सालीची किंमत

थुनेर म्हणजे टॅक्सस, हिमालयातला यू. रई-तोसच्या सावलीत वाढणारं लहानसं झाड, सहज नजरेतून सुटतं. साल पातळ, लालसर-तपकिरी, कागदासारख्या पापुद्र्यांत आणि पट्ट्यांत निघणारी. राळेच्या नळ्या या झाडात नसतातच, म्हणून जखमेवर चिकट डिंक दिसणार नाही, ही एक चांगली खूण.

टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध पहिल्यांदा अमेरिकेतल्या पॅसिफिक यूच्या सालीतून वेगळं केलं गेलं, आणि ते करणाऱ्या जोडीतले एक आपले नंदुरबारचे, मनसुख वाणी. दुसरे मन्रो वॉल. १९७१ मध्ये त्यांनी त्याची रचना प्रसिद्ध केली. गंमत नाही तर दुःखाची गोष्ट अशी की औषधासाठी सालीची मागणी वाढली आणि साल काढली की झाड मरतं, ते का हे पहिल्या पायरीत आलंच आहे. पुढे युरोपातल्या यूच्या पानांपासून औषध बनवायची पद्धत आली तेव्हा सालीवरचा भार कमी झाला. हिमालयात थुनेरची साल काही भागांत चहासारखी उकळून पितात, आणि पान-सालीच्या तोडीमुळे हे झाड बऱ्याच ठिकाणी विरळ झालंय, १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. कोणी 'जंगली चाय' म्हणून सालीची पुडी विकायला आला तर घेऊ नका.

पायरी ६: चकवे

दगडफूल आणि शेवाळ. उत्तरेकडच्या ओल्या उतारांवर खोडाचा निम्मा भाग यांनी झाकलेला असतो, पांढरट-हिरवट रंग सालीचा समजू नका, झाडाला पूर्ण फेरी मारा, कुठेतरी उघडी साल सापडतेच. जळालेला बुंधा असेल तर नजर वर न्या. सुतार पक्ष्याची भोकं, किड्यांनी सालीखाली पोखरलेल्या नक्षीदार नाल्या, वीज पडून गेलेला उभा चट्टा, हे सगळं त्या एका झाडाचं असतं, जातीचं नाही. रस्त्याकडेच्या झाडांवर रंगाचे पट्टे, आकडे आणि खिळे असतात, तेही सोडा. आणि एका झाडावरून कधीच ठरवू नका, आजूबाजूची चार-पाच वेगवेगळ्या घेराची झाडं बघा, म्हणजे साल वयाप्रमाणे कशी बदलत गेली ते डोळ्यासमोर उभं राहतं.

पायरी ७: फोटो आणि नोंद

प्रत्येक झाडाचे चार फोटो पुरे: लांबून खोड, छातीच्या उंचीवर नाणं धरून साल, वरच्या फांदीची साल झूम करून, आणि खाली पडलेल्या सुया तळहातावर. याच क्रमाने काढा म्हणजे घरी आल्यावर कुठला फोटो कुठल्या झाडाचा हे शोधत बसावं लागत नाही. ऊन तिरपं असताना काढा, सकाळी किंवा चार नंतर, भेगांची सावली पडते आणि खोली दिसते. डोक्यावर ऊन असेल तर साल सपाट येते. फ्लॅश बंद.

वहीत जागा, अंदाजे उंची (फोनमध्ये दिसते), घेर, उताराची दिशा आणि स्वतःच्या शब्दांत सालीचं वर्णन. आपलेच शब्द लिहा, 'भाकरीसारखी फुगलेली', 'पपडी धरलेली', काहीही चालेल, नंतर तेच आठवतं. सुया बघायच्या आधी काय वाटलं ते पण लिहा, समोर बरोबर-चूक खूण करा.

जायची वेळ विचाराल तर मे-जून किंवा दिवाळीच्या सुट्ट्या, पावसाळा नको. पावसात साल भिजून सगळी झाडं काळपट दिसतात, धुक्यात लांबून बघणं तर जमतच नाही, आणि वरून त्या रस्त्यांवर दरडी कोसळतात ते वेगळंच. मे मध्ये गेलात तर चीडच्या पट्ट्यात आगीच्या बातम्या बघून मगच जंगलाच्या वाटेला लागा, वाळलेल्या पिरूलवरून पाय सपकन घसरतो म्हणून बूट खाचांचे घाला, आणि नारकंड्याला स्वेटर लागतो, नागपूरच्या ४५ डिग्रीत बॅग भरताना हे कोणालाच आठवत नाही.